डावीकडून आलेली लाथ

ब्रेकताईला कराटे लागलं ते लेकीमुळे, आणि लेकीचं कराटे सुटलं ते ब्रेकताईमुळे. लेक कॉलेजात गेली तेव्हा संध्याकाळच्या क्लासला तिच्या सोबतीला म्हणून आई जायला लागली. भिंतीला टेकून बसण्यापेक्षा जरा हातपाय हलवावेत, म्हणून एक दिवस शेवटच्या ओळीत उभी राहिली, आणि अशी काही रमली की लेकीलाच चोरट्यासारखं व्हायला लागलं. "आई, तू केवढ्याने ओरडतेस! सगळे वळून बघतात," असं म्हणत लेकीने क्लास सोडला. आईने काही सोडला नाही. पट्ट्याचे रंग बदलत गेले, आणि चाळिशी ओलांडली तेव्हा तिच्या कमरेला तपकिरी पट्टा होता.

ब्रेकताई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो, आणि तो दाबण्यात तिचा हात, म्हणजे पाय, धरणारा कोणी नव्हता. शिकाऱ्याला समोर मांजर दिसायच्या आत गाडी थांबलेली असायची. "आरसे बघा, आरसे! ते काय केस विंचरायला दिलेत?" हे तिचं वाक्य तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

त्या वर्षी शहरातल्या सगळ्या क्लासांनी मिळून एक खुली स्पर्धा ठरवली. कराटेवाले, तायक्वांदोवाले, किकबॉक्सिंगवाले, बॉक्सिंगवाले, सगळे एकाच मॅटवर. फक्त हौशी विद्यार्थी, डोक्याला हेल्मेट, हातापायाला गाद्या, आणि फटका हलका; चेहऱ्यावर आला तर टेकायच्या आधीच बोटभर अंतरावर थांबवायचा. इतकी वर्षं आपापल्या खोलीत आपापल्या आरशासमोर हातपाय झाडणाऱ्यांना एकमेकांची हाडं चाचपून बघायची ही पहिलीच संधी होती. ब्रेकताईने सर्वांत आधी नाव दिलं. सर म्हणाले, "विचार करा. तायक्वांदोवाल्यांचे पाय लांबून येतात." ती म्हणाली, "सर, माझ्याकडे आठवडाभर लांबून ट्रक येतात."

तर अशी सगळी तयारी चाललेली असताना तिच्या डोळ्यांपुढे चिलटं उडायला लागली. आधी वाटलं खरीच चिलटं आहेत. तिने हाताने हाकलूनही पाहिली. मग अंधाऱ्या जिन्यात डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. वय झालं, झोप पुरत नाही, उन्हात फार गाडी चालवते, अशी कारणं तिने एकेक करून स्वतःलाच दिली आणि स्वतःच मान्यही केली. स्पर्धेच्या आठवड्यात तिच्या डाव्या कोपराने टेबलावरचा पाण्याचा जग पाडला, दाराच्या चौकटीने तिचा डावा खांदा दोनदा शेकला. डावीकडे काहीतरी करडं, पडद्याच्या कडेसारखं लोंबत असल्यासारखं वाटायचं. केस आला असेल म्हणून ती तो कानामागे सारायची. केस कानामागेच असायचा.

घरी तिने चकार शब्द काढला नाही. काढला असता तर नवऱ्याने तिला डॉक्टरकडे नेलं असतं, डॉक्टरने स्पर्धेला जाऊ दिलं नसतं, आणि एवढ्या महिन्यांच्या घामावर पाणी पडलं असतं. एकदा स्पर्धा होऊ दे, मग बघू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

स्पर्धा एका शाळेच्या व्यायामगृहात होती. सकाळपासून नुसता गलका. पांढऱ्या गणवेशातले कराटेवाले ओळीत शहाण्यासारखे बसलेले, किकबॉक्सर चकचकीत चड्ड्या घालून दोरीवर उड्या मारताहेत, बॉक्सर एकमेकांच्या ग्लोव्हजवर धपाधप मारून जागे होताहेत. घामाचा आणि मलमाचा वास छतापर्यंत भरलेला. वर गॅलरीत ब्रेकताईचा नवरा आणि लेक बसले होते. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो येताना रस्ता चुकला होता आणि ते अजून त्याला ऐकून घ्यावं लागत होतं.

ब्रेकताईच्या वयाच्या गटात जेमतेम चौघी होत्या. पहिली लढत तिने एका किकबॉक्सर बाईशी खेळली आणि जिंकली. ती बाई सरळ पुढ्यात येऊन मारायची, आणि पुढ्यातलं ब्रेकताईला स्वच्छ दिसत होतं. अंतिम लढत होती एका तायक्वांदोवालीशी. उंच, रुंद खांद्यांची, ब्रेकताईपेक्षा चारेक वर्षांनी लहान बाई. तिची बेकरी होती. पहाटेपासून कणकेचे गोळे बडवून तिचे दंड असे झाले होते की बाह्या आखूड वाटाव्यात. पण तिची खरी कमाई पायात होती. दार उघडावं इतक्या सहज तिचा पाय खांद्याच्या वर जायचा.

दोघींनी वाकून एकमेकींना अभिवादन केलं. पंचांनी हात खाली केला.

पहिल्या फेरीत ब्रेकताईला नक्की काय होतंय तेच कळेना. समोर बेकरीवाली उभी आहे, तिचा खांदा हलतो, आणि पुढच्या क्षणी हेल्मेटवर डावीकडून थाप बसलेली असते. पाय आला कधी, कुठून? कडेला बसलेले सर घसा फोडून ओरडत होते, "डावी बाजू! डावा हात वर!" हात वर होताच; पण येणारी गोष्ट दिसलीच नाही तर तो हात नुसता छत्रीच्या दांड्यासारखा उभा राहणार. हेल्मेट घट्ट बसलंय, त्याची कड आड येतेय, असं ब्रेकताईने ठरवलं आणि दोन फेऱ्यांच्या मधे ते ओढून मागे सरकवलं.

दुसऱ्या फेरीत तिने डाव बदलला. लांब राहिलं तर पाय खावे लागतात. मग अंगाशीच भिडायचं. ती वाकून आत घुसली आणि छातीवर, पोटावर एकामागून एक ठोसे टेकवत गेली. गॅलरीतून टाळ्या पडायला लागल्या. गुणांतलं अंतर बघता बघता मिटलं. बेकरीवाली मागे सरली, जागा मिळताच तिने कंबर वळवली, आणि तिचा उजवा पाय गोल फिरून ब्रेकताईच्या डाव्या गालाशी आला, आणि नियमाप्रमाणे बोटभर अंतरावर थांबला.

माणूस कितीही सरावलेला असो, डोळ्याशी काही आलं की पापणी मिटते. ती मिटावी म्हणून कोणी शिकवत नाही आणि मिटू नये म्हणून कोणी शिकवू शकत नाही. ब्रेकताईची डावी पापणी हलली नाही. ती समोरच बघत राहिली, जणू काही घडलंच नव्हतं.

बेकरीवालीने पाय खाली घेतला. चेहरा उतरला तिचा. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. तोच पाय पुन्हा उचलला आणि सावकाश, लहान पोराला खेळवावं तसा, त्याच वाटेने वर आणला. इतका सावकाश की ब्रेकताईच्या सरांना वाटलं ही चेष्टा करतेय. पापणी याही वेळी हलली नाही. बेकरीवाली दोन पावलं मागे गेली आणि तिने हात वर केला.

"पंच, लढत थांबवा."

"तुम्हाला लागलं का?" पंच धावत आले.

"मला नाही. ह्यांना डावीकडचं दिसत नाहीये."

ब्रेकताईच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ता कुठे डाव जुळून आला होता! "कोण म्हणतं दिसत नाही? मला सगळं दिसतंय. गुण बरोबरीत आले तसं हिला सुचायला लागलं. नाटकं नुसती!"

पंच जाडजूड, नियमावर बोट ठेवून चालणारे गृहस्थ होते. ते बेकरीवालीला म्हणाले, "बाई, तुम्ही आपणहून लढत सोडलीत तर ही लढत त्यांना जाईल. पहिलं पदक त्यांचं. नीट विचार करा."

"जाऊ दे की," बेकरीवाली म्हणाली. "पण आधी डॉक्टरांना बोलवा. मी इथून हलणार नाही."

आणि ती खरंच हलली नाही. मॅटच्या मधोमध हाताची घडी घालून उभी राहिली.

स्पर्धेच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, सकाळपासून तिने नुसत्या मुरगळलेल्या अंगठ्यांना बर्फ लावला होता. तिने ब्रेकताईला खुर्चीत बसवलं, हेल्मेट काढलं आणि उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायला सांगितलं.

"आता फक्त माझ्या नाकाकडे बघायचं. मी बाजूने बोटं हलवत आणते. दिसली की 'हो' म्हणा."

"म्हणते," ब्रेकताई फणकारली.

ती डॉक्टरच्या नाकाकडे बघत राहिली. नाकावर एक तीळ होता. ती वाट बघत राहिली. आजूबाजूचा गोंगाट कमी कमी होत गेला, तोही तिला आपल्याला लक्ष देता यावं म्हणूनच केलाय असं वाटलं.

"तुम्ही सुरू कधी करणार?" शेवटी तिनेच विचारलं.

ब्रेकताईने मान वळवून पाहिलं, तर डॉक्टरचा हात तिच्या गालाजवळून पुढे आलेला होता आणि बोटं अजून हलत होती. वर गॅलरीत तिची लेक उठून उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर दाबून. तिने वरून सगळं पाहिलं होतं: बोटं आईच्या कानापासून निघून पार गालाच्या पुढे आलेली, आणि आई गप्प.

"चिलटं दिसतात का? प्रकाश चमकल्यासारखा?" डॉक्टरने विचारलं.

ब्रेकताईच्या तोंडून आता 'हो' निघालं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या इस्पितळात जायचं. कपडेसुद्धा बदलू नका."

तसंच झालं. कराटेचा पांढरा गणवेश, कमरेला तपकिरी पट्टा, अशा थाटात ब्रेकताई स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर बसली आणि भूगोलाच्या मास्तरांनी गाडी चालवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ना आरशाचं नाव काढलं, ना ब्रेकचं. आणि आश्चर्य म्हणजे त्या दिवशी मास्तर रस्ता चुकले नाहीत. लेक तिचा हात धरून बसली होती. बाहेर पडताना ब्रेकताईने एकदा मागे वळून पाहिलं होतं. बेकरीवाली अजून मॅटच्या कडेला उभी होती. तिच्याशी एक शब्दही न बोलता ब्रेकताई निघून आली होती.

डोळ्याचा आतला पडदा बाजूने सुटत आला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: भिंतीवरचा कागद ओल येऊन सुटत जातो तसा. मधला भाग, ज्याने माणूस वाचतो, चेहरे ओळखतो, तो अजून चिकटून होता, पण कशाच्या भरवशावर होता ते सांगता येत नव्हतं. "दोनचार दिवस आणखी गेले असते, किंवा त्या बाजूला एखादा नीट फटका बसला असता, तर मी आज तुमच्याशी वेगळं बोलत असतो," ते म्हणाले. "कोणाच्या लक्षात आलं हे?"

"समोरच्या बाईच्या," ब्रेकताई म्हणाली. "मला हरवायला आलेल्या बाईच्या."

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पडदा जागेवर बसवला आणि तो तिथेच दाबून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. आता तो बुडबुडा नेमक्या जागी राहायचा तर ब्रेकताईने काही दिवस मान खाली घालूनच राहायचं होतं. बसताना खाली, चालताना खाली, झोपायचं तर पालथं. जिने जन्मभर लोकांना "मान वर, नजर लांब" शिकवलं, तिच्या वाट्याला हे आलं! नवऱ्याने दोन खुर्च्यांना उशा बांधून तिला कपाळ टेकायला एक मचाण करून दिलं. लेक तिच्या पायाशी जमिनीवर उताणी झोपून गप्पा मारायची, म्हणजे दोघींना एकमेकींचं तोंड दिसायचं. जिला आईच्या ओरडण्याची लाज वाटायची, ती आता आईला घास भरवताना म्हणत होती, "ओरड ना गं जरा. घर कसं गप्प गप्प वाटतंय."

सर पदक घेऊन आले. निकाल तसाच जाहीर झाला होता: पहिली ब्रेकताई. सरांनी ते पदक खाली तिच्या नजरेसमोर धरलं. ती म्हणाली, "सर, हे घेऊन जा. हे माझं नाही, आणि मला ते बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी कोणीतरी आल्याची चाहूल लागली. लेक म्हणाली, "आई, भेटायला आल्यात." ब्रेकताईच्या नजरेखालच्या फरशीच्या चौकोनात दोन पाय येऊन उभे राहिले. रुंद पावलं, उजव्या पायाचा अंगठा कधीतरी मोडून वाकडाच बसलेला, आणि घोट्यापाशी पिठाचा पांढरा फराटा.

"बेकरीवाली!" ब्रेकताई म्हणाली.

"पायांवरून ओळखलंत?"

"डावा डोळा नव्हता बघत, पण उजव्याने तुमचे पाय पुष्कळ पाहिलेत."

बेकरीवाली हसली आणि सरळ फरशीवर बसली, मग तिचा चेहराही दिसायला लागला. मॅटवर दगडासारखी वाटलेली बाई जवळून अगदीच साधी होती. हसताना वरचे दात दिसू नयेत म्हणून हात तोंडाशी नेणारी.

"तुम्हाला कळलं कसं?" ब्रेकताईने विचारलं. दोन दिवस हाच प्रश्न तिला कुरतडत होता.

"माझे वडील," बेकरीवाली म्हणाली. "ते सुतारकाम करायचे. शेवटी शेवटी डावीकडून त्यांना पाणी दिलं की ते हात पुढे करायचे नाहीत. आम्हाला वाटायचं रुसलेत. आई तर त्यांच्याशी भांडायची, एवढा कसला ताठा म्हणून. ते स्वतःही काही बोलले नाहीत. कळलं तेव्हा डोळा गेलेला होता. तुमच्या गालाशी माझा पाय आला आणि तुमची पापणी तशीच. मला एकदम अण्णाच दिसले हो समोर. पुन्हा एकदा पाय आणून बघितला, कारण वाटलं, आपलाच भास असेल. मग पुढे खेळवेना."

ब्रेकताई रडायला लागली. मान खाली घालून रडण्यात एक सोय असते; आसवं गालांवरून ओघळत नाहीत, थेट जमिनीवर पडतात आणि पुसायला काही लागत नाही. ती मनासारखं रडली. बेकरीवाली बाजूला बसून राहिली, समजूत वगैरे काढायच्या भानगडीत पडली नाही.

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर नको ते बोलले."

"नाटकं म्हणालात. आमच्या बेकरीत गिऱ्हाइकं त्याहून वाईट बोलतात. तेही पाव शिळा नसताना."

"तुमच्या जागी मी असते तर माझ्या लक्षात आलं नसतं. आणि आलं असतं तरी मी थांबले असते की नाही, देव जाणे."

बेकरीवालीने यावर 'छे छे, तुम्हीही थांबला असता' असं म्हटलं नाही. तिने नुसते खांदे उडवले आणि म्हणाली, "ते अहोजाहो आता पुरे. मला अवघडल्यासारखं होतं."

मग बुडबुडा विरत गेला. आधी सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं होतं; मग वरून एक उजळ पट्टी दिसायला लागली, ती रोज थोडी रुंद होत गेली, आणि बुडबुडा खाली खाली सरकत एक दिवस वाटाण्याएवढा होऊन नाहीसा झाला. त्या सकाळी ब्रेकताई खिडकीत उभी राहिली, उजवा डोळा हाताने झाकला आणि मान न वळवता डावीकडचं मोजायला लागली: पडद्याची दोरी, कुंडी, कुंडीतलं वाळकं पान, समोरच्या गच्चीवर कोणाचातरी लाल टॉवेल. तो टॉवेल बघून तिला जो आनंद झाला तो तिला कोणाला समजावून सांगता आला नसता. तिने नवऱ्याला हाक मारली आणि टॉवेल दाखवला. तो बिचारा बराच वेळ टॉवेलकडे बघत राहिला आणि म्हणाला, "छान आहे."

काही महिन्यांनी ती पुन्हा गाडी शिकवायला लागली. लढती मात्र कायमच्या बंद झाल्या. डॉक्टरांनी तिथे तडजोड ठेवली नाही. क्लासला जाऊन एकटीने हवेतले हात करायला परवानगी होती. सुरुवातीला तिला त्याचं वाईट वाटलं. नाही असं नाही. पण वाईट वाटत असतानाच तिला क्लासच्या डाव्या भिंतीवरचं घड्याळ दिसायचं, आणि मग वाईट वाटणं फार वेळ टिकायचं नाही.

राहिले ते आभार. ते कसे मानावेत हे तिला काही केल्या सुचेना. एक भारीतली शाल नेली, तर बेकरीवाली म्हणाली, भट्टीपुढे शाल पांघरून बसू का? गाडी शिकवते म्हणाली, तर म्हणे, "नको गं बाई, तुझ्या ब्रेकची कीर्ती ऐकून आहे मी." सरांकडून मागून घेऊन पदक नेलं, ते तेवढं तिने घेतलं आणि भट्टीच्या दाराची कडी सैल झाली होती तिथे त्याची फीत बांधून टाकली. येणंजाणं मात्र वाढत गेलं. लेक बेकरीत केक सजवायला शिकायला जायला लागली. भूगोलाचे मास्तर रोज पावाला म्हणून जायचे आणि तासभर गप्पा छाटून यायचे.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आली. बेकरीवालीने नाव दिलं, आणि ब्रेकताईला घेऊन आपल्या सरांकडे जाऊन म्हणाली, "माझ्या कोपऱ्यात मला ही हवी." तायक्वांदोच्या सरांना ते पटेना. कराटेवाली बाई आमच्या खेळाडूला काय सांगणार?

"पायांतलं काही सांगणार नाही," ब्रेकताई म्हणाली. "पण समोरून काय येतंय ते आधी बघायची मला सवय आहे."

तर ती कोपऱ्यात बसली. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर टॉवेल. समोर एक चपळ बॉक्सर बाई होती, वयानेही लहान. ब्रेकताईने सुरुवातीला शहाण्यासारखं बसायचं ठरवलं होतं. ते पहिल्या फेरीच्या निम्म्यापर्यंत टिकलं. "उजवा खांदा बघ तिचा! खांदा पडला की ठोसा येतो! मागे, मागे, आता पाय!" तिचा आवाज छताला लागून परत यायला लागला. पंच तेच, मागच्या वर्षीचे जाडजूड गृहस्थ. त्यांनी येऊन ताकीद दिली. गॅलरीतून लेक ओरडली, "आई, अजून जोरात!"

बेकरीवाली हरली. थोडक्यात, पण हरली. घामाने निथळत ती कोपऱ्यात आली आणि धपकन खाली बसली. ब्रेकताईने तिचं हेल्मेट सोडवलं, बाटली तोंडाला लावली, टॉवेलने मान पुसली, आणि वर्षभर जिभेवर येऊन अडकलेलं तिच्या तोंडून एकदम निघून गेलं.

"तुझे उपकार झाले गं माझ्यावर."

"काय?" बेकरीवाली म्हणाली. तिच्या कानात अजून गलका होता. "जरा हळू बोलायला शिक. कान बसले माझे."

"काही नाही. पाणी पी."

बेकरीवाली पाणी प्यायली. मग तिने बाटली खाली ठेवली, ब्रेकताईचा हात हातात घेतला आणि पुढची लढत सुरू झाली तरी तो सोडला नाही. मॅटवर दोन नव्या पोरी एकमेकींसमोर वाकल्या. दोघीजणी कोपऱ्यातच बसून राहिल्या, आणि थोड्याच वेळात दोघीही ओरडायला लागल्या.